एंजिनियरास कोणतें गणित हवें?

गणित हा विषय एक असला, तरी त्याचीं दालनें अनेक आहेत. आणि विद्यार्थिदशा चार दिवसांची असल्यामुळें त्यांपैकीं कोणत्या दालनांत प्रथम शिरावें, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढें नव्यानें उभा राहतो. ज्याला पुढें एंजिनियर व्हावयाचें आहे, त्याच्या बाबतींत हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाहीं. त्याच्या हिशेबावर पूल उभा राहावयाचा असतो, आणि त्या पुलावरून अशीं माणसें जावयाचीं असतात, कीं ज्यांनीं तो हिशेब कधीं पाहिलेला नसतो.

इंग्लंडांत हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलामुलींपुढें अगदीं उघड्या स्वरूपांत येतो. तेथील ए-लेव्हल या परीक्षेसाठीं विद्यार्थी थोडेच विषय घेतो. गणितांत पुष्कळ वर्षें असा प्रघात होता, कीं शुद्ध गणिताचा भाग सर्वांस सारखा आणि उपयोजित गणिताचा भाग ऐच्छिक. गतिशास्त्र व स्थितिशास्त्र मिळून होणारें यंत्रशास्त्र घ्यावें, कीं संख्याशास्त्र घ्यावें, कीं ज्यास तेथें निर्णयगणित म्हणतात तें नवें शास्त्र घ्यावें, हें विद्यार्थ्यानें, किंवा अधिक खरें बोलावयाचें तर त्याच्या शाळेनें, ठरवावयाचें. ही निवड वरवर क्षुल्लक दिसते. परंतु तिच्या मागें दोनशें वर्षांहून अधिक काळाचा वाद उभा आहे, आणि तो समजल्यावांचून या निवडीचा अर्थ लागत नाहीं.

या वादाचा आरंभ पॅरिस येथें झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमींत फ्रान्सला रस्ते, पूल, किल्ले आणि तोफा यांचे जाणकार तातडीनें हवे होते. त्यासाठीं १७९४ सालीं सार्वजनिक बांधकामांची एक मध्यवर्ती शाळा स्थापन झाली, आणि पुढल्याच वर्षीं तिला एकोल पॉलिटेक्निक हें नांव मिळालें. या शाळेचा एक प्रमुख शिल्पकार गास्पार मोंज हा होता. क्रांतीपूर्वीं मेझिएर येथील लष्करी एंजिनियरिंगच्या शाळेंत असतांना त्यानें एक नवी भूमिति रचली होती. घन वस्तूचें यथार्थ ज्ञान सपाट कागदावरील दोन चित्रांवरून कसें करून घ्यावें, आणि तटबंदीचीं मापें लांबलचक आकडेमोड न करतां रेखाटनानेंच कशीं काढावीं, हें ती शिकवी. लष्करी दृष्ट्या ती इतकी मोलाची ठरली, कीं तिच्या प्रकाशनास कित्येक वर्षें बंदी होती. नव्या शाळेंत मोंजनें या भूमितीस अग्रस्थान दिलें. एंजिनियराचें गणित हें डोळ्यांना दिसणारें व हातांनीं रेखाटतां येणारें असावें, ही त्याची श्रद्धा होती.

परंतु त्याच शाळेंत लाग्रांज हा विश्लेषणाचा अध्यापक होता. आपल्या यंत्रशास्त्रावरील ग्रंथांत एकही आकृति नाहीं, ही गोष्ट तो अभिमानानें सांगे. पुढें लाप्लास याचें वजन शाळेच्या कारभारांत वाढलें, आणि अभ्यासक्रमाचा कांटा हळूहळू भूमितीकडून विश्लेषणाकडे, म्हणजे कॅल्क्युलस व समीकरणें यांकडे, झुकूं लागला. १८१६ नंतर कोशी हा तेथें विश्लेषण शिकवूं लागला, तेव्हां ही प्रवृत्ति कळसास पोंचली. त्याचीं १८२१ सालीं प्रसिद्ध झालेलीं व्याख्यानें आज गणिताच्या इतिहासांतील मानदंड समजलीं जातात. परंतु ज्या तरुणांना उद्यां कालवे खणावयाचे आहेत त्यांना इतकी सूक्ष्म सिद्धान्तचर्चा कशासाठीं, अशी तक्रार शाळेच्या चालकांनींच त्याच्याविरुद्ध केली. १८३० च्या राज्यक्रांतीनंतर कोशी देश सोडून गेला, आणि त्याच्या जागीं नाव्हिए आला. हा स्वतः पुलांचा एंजिनियर होता.

नाव्हिएचें उदाहरण या वादांत दोन्ही पक्षांस उपयोगी पडणारें आहे. तुळई वांकते तेव्हां तिच्या अंतरंगांत ताण व दाब कसे वाटले जातात, याचा जो हिशेब आजहि विद्यार्थी करतात, तो त्यानें १८२६ च्या आपल्या व्याख्यानांत व्यवस्थित मांडला. पण त्याच वर्षीं, त्याच्याच देखरेखीखालीं सेन नदीवर पूर्ण होत आलेल्या झुलत्या पुलाचे सांखळदंड जमिनींत धरून ठेवणारें बांधकाम सरकलें, आणि तो पूल वाहतुकीस खुला होण्यापूर्वींच उतरवावा लागला. गणिताचे विरोधक यावरून म्हणाले, कीं समीकरणांनीं पूल उभे राहत नाहींत. गणिताचे पुरस्कर्ते म्हणाले, कीं जमिनीचा व दगडाचा हिशेब समीकरणांत पुरता आला नव्हता, एवढेंच यावरून सिद्ध होतें. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें.

इंग्लंडचा मार्ग याहून निराळा होता. तेथें एंजिनियर हा शाळेंत घडत नसे. तो कारखान्यांत आणि बांधकामावर उमेदवारी करून घडे. या पद्धतीनें थोर माणसें निर्माण केलीं, हें नाकारतां येणार नाहीं. तथापि अनुभवाची एक मर्यादा असते: जें पूर्वीं घडलें तेंच तो शिकवूं शकतो. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्रीं स्कॉटलंडांत टे नदीवरील रेल्वेचा पूल वादळांत कोसळला, आणि त्यावरून जाणारी आगगाडी सर्व प्रवाशांसह नदींत गेली. पुलाचा रचनाकार सर टॉमस बाऊच हा व्यवसायांत मुरलेला गृहस्थ होता. परंतु वाऱ्याच्या दाबासाठीं त्यानें आपल्या हिशेबांत वेगळी अशी तरतूद केलेली नव्हती. चौकशींत पुलाची रचना, बांधणी व देखभाल हीं तिन्ही सदोष ठरलीं. यानंतर फोर्थच्या खाडीवर १८९० मध्यें जो प्रचंड पूल पुरा झाला, त्यासाठीं वाऱ्याचा दाब दर चौरस फुटास ५६ पौंड धरण्यांत आला. स्थितिशास्त्राचें एक प्रकरण दुर्लक्षिल्यास काय होतें आणि तें अभ्यासल्यास काय साधतें, हें स्कॉटलंडनें अशा रीतीनें अकरा वर्षांत पाहिलें.

त्या काळीं इंग्लंडांत गणिताचें शिक्षण नव्हतें असें मात्र मुळींच नाहीं. केंब्रिजची ट्रायपॉस परीक्षा जगप्रसिद्ध होती, आणि यंत्रशास्त्रांतील अवघड उदाहरणें हा तिचा कणा होता. याच परीक्षेंत १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे सीनियर रँग्लर झाले, आणि महाराष्ट्रांत घरोघर त्यांचें नांव पोंचलें. परंतु तें यंत्रशास्त्र बव्हंशीं आदर्श यंत्रांचें होतें: दोरीला वजन नाहीं, कप्पीला घर्षण नाहीं, आणि काठी कधीं वांकत नाहीं. बुद्धीची परीक्षा म्हणून हा व्यायाम उत्तम. पण कारखान्यांतील मुलाला त्याचा उपयोग कसा व्हावा? त्याला तर शाळेंत प्रथम यूक्लिडच्या भूमितीचे सिद्धान्त त्यांच्या ठराविक क्रमानें पाठ करावे लागत, आणि कॅल्क्युलसचें दार उघडण्यापूर्वींच त्याचें शिक्षण संपून जाई.

या स्थितीविरुद्ध ज्यानें शंख फुंकला, त्याचें नांव जॉन पेरी. हा आयर्लंडचा रहिवासी. १८७५ ते १८७९ पर्यंत त्यानें टोकियो येथील शाही एंजिनियरिंग कॉलेजांत शिकविलें होतें, आणि पुढें लंडनच्या फिन्सबरी टेक्निकल कॉलेजांत कामकरी तरुणांना शिकवितांना आपली पद्धति सिद्ध केली होती. १८९७ मध्यें त्याचें एंजिनियरांसाठीं कॅल्क्युलसचें पुस्तक प्रसिद्ध झालें. १९०१ सालीं ग्लासगो येथें ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनांत त्यानें आपलें म्हणणें विद्वानांपुढें ठेवलें. त्याचा आशय असा, कीं शाळेंतील गणित हें त्या मूठभर मुलांसाठीं रचलेलें आहे जीं पुढें गणिती होणार. बाकीच्या हजारोंना त्यांतून कांहींच हातीं लागत नाहीं. मुलानें चौकटीच्या कागदावर आलेख काढावे, लॉगरिथमचीं कोष्टकें वापरावीं, वस्तु मोजाव्या व तोलाव्या, आणि कॅल्क्युलसच्या मूळ कल्पना लहान वयांतच हाताळाव्या. सूक्ष्म सिद्धता मागाहून येतील. यावर मोठा वाद माजला. सिद्धतेवांचून गणित म्हणजे पाककृतींचें बाड, असा आक्षेप निघाला, आणि तो अगदींच निराधार नव्हता. तरीहि १९०३ मध्यें केंब्रिजनें यूक्लिडच्या क्रमाचा आग्रह सोडला, आणि शाळांचा मार्ग मोकळा झाला. रँग्लरांचीं नांवें गुणानुक्रमानें जाहीर करण्याची प्रथाहि १९०९ नंतर बंद पडली.

येथवरचा इतिहास पाहिला, तर असें वाटेल, कीं हा सारा झगडा सिद्धान्त आणि व्यवहार यांमधील आहे, व व्यवहाराच्या बाजूनें कौल दिला कीं काम भागतें. पण पेरीच्या हयातींतच अशा कांहीं गोष्टी घडत होत्या, कीं ज्यांनीं व्यवहार या शब्दाचा अर्थच बदलून टाकला.

ऋण एकाचें वर्गमूळ ही कल्पना शतकानुशतकें निव्वळ मनोराज्य समजली जात होती. तिचें नांवच काल्पनिक संख्या. १८९३ सालीं शिकागो येथील विद्युत्‌-परिषदेंत चार्ल्स स्टाइनमेट्झ यानें दाखवून दिलें, कीं उलटसुलट वाहणाऱ्या विद्युत्‌प्रवाहाचे जे हिशेब अवकल समीकरणांच्या जंजाळांतून करावे लागतात, ते या काल्पनिक संख्यांच्या साहाय्यानें साध्या बीजगणितासारखे होतात. तेव्हांपासून विजेच्या एंजिनियरास ही संख्या पान्या-पकडीइतकी परिचयाची झाली.

दुसरें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. जॉर्ज बूल यानें १८५४ मध्यें तर्कशास्त्राचें बीजगणित प्रसिद्ध केलें. खरें व खोटें एवढ्या दोनच किंमती असलेल्या या बीजगणिताचा कोणत्याहि कारखान्यास उपयोग होईल, असें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. सुमारें ऐंशीं वर्षांनीं क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्यानें मिशिगनच्या विद्यापीठांत शिकत असतां तर्कशास्त्राचा एक अभ्यासक्रम घेतला, आणि बूलचें बीजगणित त्याच्या कानांवर पडलें. पुढें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्यें विजेच्या स्विचांचीं गुंतागुंतीचीं मंडलें हाताळतांना त्याच्या ध्यानांत आलें, कीं बंद व उघडा स्विच म्हणजेच बूलचें खरें व खोटें. १९३७ च्या त्याच्या प्रबंधांतून आजच्या संगणकमंडलांची रचना करण्याची रीत निघाली. विजेच्या विद्यार्थ्यानें तर्कशास्त्राचे धडे घेतले नसते, तर ही सांगड त्याच्या हातून पडली असती असें म्हणवत नाहीं.

संख्याशास्त्राचा प्रवेशहि असाच मागल्या दारानें झाला. १९२४ सालीं वॉल्टर श्यूहार्ट यानें टेलिफोनच्या यंत्रांचा कारखाना चालविणाऱ्या आपल्या वरिष्ठांस एक लहानसें टिपण पाठविलें. मालांतील फरक कोणता सहज घडणारा व कोणता यंत्रांतील दोषाचा निदर्शक, हें ओळखण्याचा एक आलेख त्यांत होता. आज गुणनियंत्रण या नांवानें जें शास्त्र जगभर चालतें, त्याचें मूळ त्या टिपणांत आहे. आणि निर्णयगणित? एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग काढण्याची डाइक्स्ट्रा याची रीत १९५९ मध्यें छापली गेली. मोठ्या बांधकामांतील कोणत्या कामास झालेला विलंब साऱ्या कामास विलंब करील, हें शोधण्याची पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेंत निघाली. म्हणजे शाळेंत ऐच्छिक म्हणून शिकविलें जाणारें हें प्रकरण मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे.

इतक्या शाखा झाल्यावर सर्वच सर्वांना शिकविणें अशक्य झालें, आणि निवडीचें तत्त्व अपरिहार्य ठरलें. ए-लेव्हल परीक्षा १९५१ मध्यें सुरू झाली. २००० सालच्या सुधारणेनें तिची विभागणी स्वतंत्र परीक्षेच्या लहान खंडांत, म्हणजे मॉड्यूलांत, केली; गणितासाठीं अशीं सहा मॉड्यूलें ठरलीं. पहिल्याच वर्षाच्या परीक्षेंत गणितांत इतके विद्यार्थी नापास झाले, कीं पुढल्या वर्षीं हा विषय घेणारांची संख्या झपाट्यानें घसरली. या संकटाची चौकशी करणारा एड्रियन स्मिथ यांचा अहवाल फेब्रुवारी २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच वर्षापासून नवी वांटणी लागू झाली: चार मॉड्यूलें शुद्ध गणिताचीं व सर्वांस आवश्यक, आणि उरलेलीं दोन यंत्रशास्त्र, संख्याशास्त्र व निर्णयगणित यांतून ऐच्छिक.

या मोकळिकीचा परिणाम काय झाला? एखादा विद्यार्थी यंत्रशास्त्राचीं दोन मॉड्यूलें घेऊन एंजिनियरिंगच्या वर्गांत येई, एखादा एकच घेऊन येई, आणि एखादा संख्याशास्त्र व निर्णयगणित घेऊन, बलांचा त्रिकोण गणिताच्या तासाला एकदांहि न काढतां येई. तिघांच्याहि हातांत गणिताचें प्रमाणपत्र सारखेंच. प्राध्यापकानें पहिल्या दिवशीं कोठून आरंभ करावा? विद्यापीठांतील शिक्षकांची ही चिंता जुनीच होती. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीनें १९९५ मध्यें, आणि एंजिनियरिंग कौन्सिलनें २००० मध्यें, नव्यानें येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गणितांतील उणिवांवर अहवाल काढले होते. ऐच्छिक भागांच्या या विविधतेनें तींत भर पडली.

त्यांतहि अन्यायाची एक बाजू होती. निवड विद्यार्थ्याची असें कागदावर असलें, तरी ज्या शाळेंत यंत्रशास्त्र शिकविणारा शिक्षक नाहीं, तेथें निवड कसली? अतिरिक्त गणित, ज्यांत संमिश्र संख्या, मॅट्रिक्स व अवकल समीकरणें येतात, तें तर अनेक लहान शाळांतून मिळतच नसे. असा विद्यार्थी बुद्धीनें कमी नसतांहि पहिल्याच पायरीला मागें राही. ही उणीव भरून काढण्यासाठीं २००५ मध्यें एक देशव्यापी योजना निघाली, आणि शाळेंत सोय नसलेल्या विद्यार्थ्यांस बाहेरून अतिरिक्त गणित शिकण्याचा मार्ग मिळाला.

ज्या वर्षीं मॉड्यूलांची पद्धत आली, त्याच वर्षीं लंडननें निवडीचें महत्त्व सांगणारें एक दृश्य पाहिलें. १० जून २००० रोजीं थेम्स नदीवरील पादचाऱ्यांचा मिलेनियम पूल खुला झाला, आणि लोकांच्या पावलांबरोबर तो आडवा डोलूं लागला. दोनच दिवसांत तो बंद करावा लागला. पूल डोलला कीं माणसें तोल सांवरण्यासाठीं त्याच तालांत पाय टाकीत, आणि त्यामुळें तो अधिकच डोले. हेलकावे शोषून घेणारीं उपकरणें बसवून तो फेब्रुवारी २००२ मध्यें पुन्हां खुला झाला. या घटनेचें मूळ गणित आंदोलनांचें आहे. आणि त्या काळच्या शाळेंत आंदोलनांचा धडा यंत्रशास्त्राच्या पुढल्या मॉड्यूलांत येई, जीं घेतलींच पाहिजेत असें कोणावरहि बंधन नव्हतें.

अखेर २०१७ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडनें कांटा उलट फिरविला. ए-लेव्हल गणितांत शुद्ध गणिताबरोबर यंत्रशास्त्र व संख्याशास्त्र हीं दोन्ही सर्वांस आवश्यक झालीं, आणि ऐच्छिक भाग तेथून नाहींसा झाला. निवड उरली ती अतिरिक्त गणितांत: तेथें सुमारें अर्धा भाग ठराविक, आणि उरलेल्या भागांत पुढलें शुद्ध गणित, पुढलें यंत्रशास्त्र, पुढलें संख्याशास्त्र किंवा निर्णयगणित यांतून वेंचावयाचें. ज्या पायावर घर उभें राहावयाचें तो पाया ऐच्छिक ठेवूं नये, हें तत्त्व इतक्या प्रयोगांनंतर मान्य झालें.

मग या इतिहासावरून भावी एंजिनियरानें काय घ्यावें? पूल, इमारती व यंत्रें यांकडे ज्याचा ओढा आहे, त्यास पुढल्या यंत्रशास्त्रासारखा सोबती नाहीं. गुरुत्वमध्य, कार्य व ऊर्जा, वर्तुळगति, स्प्रिंगचें आंदोलन या कल्पना विद्यापीठांत पहिल्याच महिन्यांत भेटतात, आणि त्या वेळीं ओळख जुनी असली तर वाट सुकर होते. विजेच्या शाखेकडे जाणारास संमिश्र संख्या व अवकल समीकरणें यांवांचून पाऊल टाकतां येत नाहीं; म्हणून त्यानें शुद्ध गणिताची खोली वाढवावी. कारखान्यांतील उत्पादन किंवा रसायनें यांत ज्याला काम करावयाचें आहे, त्यास श्यूहार्टचा वारसा, म्हणजे संख्याशास्त्र, उपयोगी पडेल. संगणकाच्या मार्गानें जाणारास निर्णयगणित रुचेल. मात्र तें यंत्रशास्त्राच्या किंवा शुद्ध गणिताच्या जागीं न घेतां त्यांच्या जोडीला घ्यावें, कारण त्यांतील रीति पुढें सहज शिकतां येतात, पण समीकरण मांडण्याची संवय उशिरा लागत नाहीं.

याहून व्यापक धडा मात्र मोंज आणि कोशी, पेरी आणि शॅनन या चौघांनीं मिळून शिकविला आहे. मोंजवांचून एंजिनियराची दृष्टि आंधळी राहते. कोशीवांचून तिच्यावर विश्वास ठेवतां येत नाहीं. पेरीवांचून ती सामान्य मुलापर्यंत पोंचत नाहीं. आणि शॅननचें उदाहरण सांगतें, कीं आज निरुपयोगी वाटणारा धडा उद्यां कोणत्या दारावर थाप मारील हें आधीं सांगतां येत नाहीं. सोळाव्या वर्षीं केलेली निवड ही आयुष्याची शपथ नव्हे. पण ती करतांना कोणता भाग सोपा व गुणांस सोयीचा एवढेंच पाहणारा विद्यार्थी, ज्या पुलावरून उद्यां लोक जाणार आहेत, त्याच्या पायांतील एक दगड आजच कमी करून ठेवीत असतो.